घटस्थापनेपर्यंत थांबा

गेल्या सप्टेंबरात जीएसटी कमी झाला तेव्हा आमच्या शहरात जेवढे फ्लेक्स लागले, तेवढे गणपतीतही लागले नव्हते. नगर नाक्यापासून बजाजनगरपर्यंत विजेच्या प्रत्येक खांबावर कोणीतरी हात जोडून उभे होते. खाली मोठ्या अक्षरांत ‘आता महागाईतून सुटका’. यांच्यापैकी एकानेही आयुष्यात किराण्याची पिशवी उचलली नसावी, हे त्यांच्या मनगटातली कडी आणि गालांची चकाकीच सांगत होती. कर कमी करणारे दिल्लीत होते, शाबासकी मागणारे आमच्या वॉर्डात. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती, दुसरे काय.

मी विमा एजंट आहे. त्या फ्लेक्सवरच्या माणसांविषयी मी तेव्हाही तुच्छतेने बोलायचो, आजही बोलतो. पण हे लिहायला बसलो त्याचे कारण ते नाहीत. त्याच आठवड्यात मीही एक फ्लेक्स केला होता. कापडावर नाही, मोबाइलवर. डाव्या कोपऱ्यात घट, उजव्या कोपऱ्यात कोट घातलेला मी, मध्ये पिवळी अक्षरे : ‘विम्यावरचा कर शून्य! हप्ता आत्ता भरू नका. घटस्थापनेपर्यंत थांबा, पैसे वाचवा. आपला विश्वासू.’ कोट माझा नव्हता. तो ॲपमध्ये आयता मिळतो, फक्त आपले तोंड चिकटवायचे असते. शंभर-सव्वाशे ग्राहकांना मी तो पाठवला आणि किती जणांनी अंगठ्याची खूण पाठवली ते दिवसभर मोजत बसलो.

घरात माझ्या या उत्साहाला फारशी किंमत नव्हती. बायकोने वर्तमानपत्रातली यादी वाचली आणि मला एकेक विचारायला सुरुवात केली.

“शाम्पू स्वस्त. बरं. टूथपेस्ट स्वस्त. पनीर स्वस्त. आपण पनीर शेवटचं कधी आणलं होतं?”

“अगं, तत्त्व बघ ना.”

“मेथीवर कर होता?”

“नव्हता.”

“मग ती स्वस्त व्हायची नाही. पेट्रोल?”

“ते यात येत नाही.”

“क्लासची फी?”

बायको यादी घडी करून तेलाच्या डब्याखाली ठेवत म्हणाली, “म्हणजे मी दिवसातून तीनदा केस धुतले की आपण श्रीमंत.”

मी हसलो नाही. मला राग आला, कारण माझ्या मनात त्या यादीतली एक वस्तू पक्की बसली होती. टीव्ही. आमचा जुना टीव्ही चांगला चालत होता. पण मोठ्या टीव्हीवरचा कर उतरणार होता, आणि सिडकोतल्या आमच्या गल्लीत दोन घरांत भिंतभर पडदा आला होता. मी दुकानात जाऊन मॉडेल बघून आलो. दुकानदार म्हणाला, घटस्थापनेला या, जुन्या भावात घेणारा माणूस मूर्ख. मला ते पटले. त्या पंधरवड्यात सगळे शहर असेच शहाणे होऊन थांबले होते. एरवी पितृपक्षात कोणी काही घेत नाही, त्यात ही भर. शोरूममधली पोरे माश्या मारत होती.

थांबलेल्यांत एक उस्ताद होते. बजाजनगरात मोटारसायकलची सीट कव्हर शिवायचे. माझ्याच वयाचे, पन्नाशी ओलांडलेले, मूळचे पिशोरचे. मी वाळूजच्या एका कारखान्यात अकरा वर्षे होतो. तो बंद पडल्यावर एजन्सी घेतली, तेव्हा पहिल्या दहा ग्राहकांत हे एक. पत्र्याच्या दुकानात दोन साधी मशिने आणि एक दोन सुयांचे, जाड रेक्झीनवर दुहेरी शिवण मारणारे. ते त्यांचे खरे वैभव. नवराबायको दोघेही दुकानात असायचे. उस्ताद शिवायचे, भाभी कापायच्या आणि इलॅस्टिक ओवायच्या. माझ्या स्कूटरची सीट त्यांनी आजवर पाच-सहा वेळा शिवली असेल. पैसे एकदाही घेतले नाहीत. “आपल्या माणसाचं काय घ्यायचं,” म्हणून हात झटकायचे.

आजारपणाच्या विम्याचा हप्ता त्यांच्याकडून एकदम निघत नसे. आमच्या धंद्यात याला एक रीत आहे. तारखेच्या आधी हप्ता एजंट स्वतःच्या खिशातून भरून टाकतो आणि मग ग्राहकाकडून चार-पाच वेळा थोडे थोडे घेतो. कंपनीला हे चालत नाही, पण बजाजनगरात याशिवाय धंदा होत नाही. मी दर वर्षी उस्तादांचा हप्ता माझ्या क्रेडिट कार्डावरून भरायचो. त्यामुळे त्यांना तारीख पाठ नव्हती. ती माझी जबाबदारी होती, आणि ती मी आनंदाने घेतली होती, कारण तिच्यामुळे मला त्या दुकानात स्टूल मिळायचे, चहा मिळायचा आणि साहेब म्हणवून घ्यायला मिळायचे.

फ्लेक्स पाठवला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या स्टुलावर बसून उस्तादांना अर्थव्यवस्था समजावत होतो. लोकांच्या हातात पैसा उरेल, बाजार उठेल, दुचाक्या स्वस्त होतील.

“ते मातर खरं हाय,” उस्ताद म्हणाले. “दसऱ्याला लई गाड्या निघणार. सगळे थांबलेत. म्हणून मी रेक्झीन भरून ठेवलं, बघा.” मागे काळ्या-लाल गुंडाळ्यांची भिंत उभी होती. “सध्या हाताला काम नाय, पण नंतर जेवायला टाइम भेटनार नाय.”

“तुमचं रिन्यूअलही याच महिन्यात आहे. घटस्थापनेच्या दहा दिवस आधी. पण आपण थांबू. चार हजार वाचतात.”

“चार हजार? सरकार देतंय?”

“घेणार नाही म्हणतंय.”

“एकच झालं की साहेब. आपल्या खिशातून काढलं नाय, म्हंजे ईदी दिल्यासारखंच.” ते हसले. “मला त्यातलं काय कळतंय? दरसाल तुमी बघता, यंदा बी बघा.” आणि मशीनवर वाकले.

भाभींनी कात्री थांबवली. “भाईसाब, मधल्या दिवसांचं काय? तारीख गेल्यावर काय झालं तर?”

मशीनचा आवाज चालू होता. उस्तादांनी प्रश्न ऐकला नाही, मी ऐकला. मी म्हणालो, “तीस दिवसांची सवलत असते भाभी. पॉलिसी कुठे पळून जात नाही.”

या वाक्यात एक शब्दही खोटा नाही. सवलत तीस दिवसांचीच असते. पॉलिसी पळून जात नाहीच. फक्त त्या दिवसांत माणूस आजारी पडला तर दमडी मिळत नाही. आयुर्विम्यात सवलतीच्या दिवसांतही संरक्षण चालू राहते, आजारपणाच्या विम्यात राहत नाही. एजंटच्या परीक्षेला हा प्रश्न असतो. मला तो आला होता, आणि त्याचे उत्तर मी बरोबर लिहिले होते.

भाभींना हे का सांगितले नाही? विसरलो होतो असे मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. विसरलो नव्हतो. प्रश्न विचारला गेला त्या क्षणी उत्तर डोक्यात होते. पण सव्वाशे लोकांना कोट घालून ‘थांबा’ म्हणून झाले होते, आणि एका बाईच्या प्रश्नापुढे ते मागे घेणे मला कमीपणाचे वाटले. म्हटले, दहाच तर दिवस. दहा दिवसांत काय होते?

घटस्थापनेला चार दिवस उरले होते. सकाळचे साडेनऊ झाले असतील. मी चहा पीत वर्तमानपत्रातली पानभर जाहिरात वाचत होतो. तिच्यात एक हसरे कुटुंब होते, नवरा, बायको, दोन मुले, आणि सगळ्यांच्या हातांत नव्या वस्तूंची खोकी. भाभींचा फोन आला.

“भाईसाब, ह्यांच्या छातीत दुखतंय. घामानं पूरे भिगलेत. रिक्षा आणलीय. घाटीत नेऊ ना?”

घाटी म्हणजे आमचे सरकारी रुग्णालय. तिथे पैशांचा प्रश्न आला नसता. मी म्हणालो, “घाटीत कशाला? जालना रोडला न्या, खाजगीत. पॉलिसी आहे ना आपली! मी पोचतो.”

आपली, असे म्हणालो मी.

स्कूटरवर निघालो. पहिल्या सिग्नलला लाल दिवा लागला आणि समोर फ्लेक्स. स्वस्त झालेल्या वस्तूंची चित्रे एका ओळीत होती. पनीर, मोटारसायकल, टीव्ही, आणि शेवटी विम्याची उघडी छत्री. ती छत्री बघितली आणि मला आठवले. हप्ता भरलेला नव्हता. तारीख उलटून सहा दिवस झाले होते. आता भरूनही उपयोग नव्हता. दुखणे सुरू झाल्यावर भरलेला हप्ता त्या दुखण्याला लागू होत नाही, हेही मला माहीत होते. मला सगळे माहीत होते.

दिवा हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवू लागले. फोन माझ्या खिशात होता. रिक्षा अजून बाबा पेट्रोल पंपाच्या अलीकडेच असेल. तिथून डावीकडे वळले की घाटी काही मिनिटांवर. मी फोन करून ‘डावीकडे वळा’ एवढे दोन शब्द सांगायचे होते. मी सांगितले नाहीत. सांगितले असते तर भाभींनी ‘का?’ विचारले असते.

खाजगी हॉस्पिटलात त्यांना सरळ आत नेले. काम चोख झाले, याबद्दल माझी काही तक्रार नाही. दोन नळ्या तुंबल्या होत्या, दोन्हींत स्टेंट टाकले. उस्ताद वाचले. सरकारची मोफत उपचारांची योजना त्या हॉस्पिटलात चालत नव्हती आणि पेशंटला हलवायचे नाही असे डॉक्टर म्हणाले. कॅशलेसच्या खिडकीत एक मुलगी बसली होती. तिने संगणकात बघितले, पुन्हा बघितले आणि म्हणाली, “हप्ता भरलेला दिसत नाही. सवलतीच्या दिवसांत क्लेम बसत नाही, ताई.”

भाभी माझ्याकडे वळल्या. मी खिडकीत डोके घालून त्या मुलीवर ओरडायला लागलो. असे कसे बसत नाही, मी वर बोलतो, माझी पंचवीस वर्षांची एजन्सी आहे. मुलगी शांतपणे म्हणाली, “सर, एजंटना हे माहीत असतं.” मी आणखी मोठ्याने ओरडलो. आवाज वाढवला की आपण निर्दोष वाटतो, निदान लाउंजमध्ये बसलेल्यांना.

बिल अडीच लाखांच्या घरात गेले. भाभींच्या बांगड्या गेल्या. दोन सुयांचे मशीन गेले, मग एक साधे. मशिने आणि रेक्झीनच्या गुंडाळ्या त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या सीट कव्हरवाल्याने पडत्या भावात उचलल्या. दुकानाची जागा सोडावी लागली, ठेवीचे पैसे औषधांना लागले.

आणि मग दसरा आला. उस्ताद म्हणाले होते तसेच झाले. बजाजनगरात झेंडूचे हार घातलेल्या नव्या मोटारसायकलींची रीघ लागली. एका दिवसात एवढ्या गाड्या निघालेल्या मी कारखान्यात होतो तेव्हाही बघितल्या नव्हत्या. सगळ्यांना सीट कव्हर हवे होते. दुसऱ्याच्या दुकानात, उस्तादांच्या रेक्झीनवर, उस्तादांचेच मशीन दिवसभर चालले. माझ्या स्टुलावरच्या भाषणातली ही एवढी एकच गोष्ट खरी ठरली.

त्याआधी, घटस्थापनेच्या दिवशी, मी हप्ता भरायला गेलो होतो. निदान पॉलिसी तरी जिवंत राहावी. तेव्हा कळले की हप्त्याची तारीख कर उठण्याच्या आधीची असल्यामुळे कर लागणारच. पूर्ण. म्हणजे ज्या चार हजारांसाठी मी त्यांना थांबवले, ते वाचणारच नव्हते. एक फोन करून ही चौकशी मला आधी करता आली असती. फ्लेक्सवरच्या लोकांना मी बिनडोक म्हणतो. त्यांनी निदान मते मिळवली.

यानंतर मी जे केले ते हप्त्याहून वाईट आहे.

मी उस्तादांना सांगितले की कंपनी लबाड आहे. तीस दिवसांत पैसे द्यायलाच हवेत, पण मोठ्या लोकांपुढे गरिबाचे कोण ऐकतो. त्यांच्या सह्या घेऊन मी तीन अर्ज केले. तिन्ही फेटाळले जाणार हे लिहितानाच माहीत होते. प्रत्येक नकार घेऊन मी त्यांच्या खोलीवर जायचो आणि सरकारला, कंपनीला, व्यवस्थेला शिव्या घालायचो. उस्ताद पलंगावर पडून माझी समजूत घालायचे. “जाऊ द्या साहेब. लई टेन्शन घेऊ नका. तुमाला बी बीपी हाय.” एकदा मी तीस हजार रुपये नेऊन दिले. मदत म्हणून. ते नको म्हणत होते, मी त्यांच्या उशाखाली कोंबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. भाभी दारात उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत आले नाही, हे मला दिसले होते, पण मी त्याचा विचार केला नाही. जे पैसे मी भरपाई म्हणून द्यायला हवे होते ते उपकार म्हणून दिले, आणि वर दुवा घेऊन आलो.

हिवाळ्यात आम्हा एजंटांची एका मंगल कार्यालयात सभा झाली. कर माफ झाल्यावर कंपन्यांना त्यांच्या खर्चावरच्या कराचा परतावा मिळेना, आणि ती तूट त्यांनी आमच्या कमिशनमधून काढली होती. ग्राहकाला दिलासा मिळाल्याचे फोटो छापायचे आणि त्याचे पैसे आमच्या ताटातून घ्यायचे, असा प्रकार. मी बोलायला उभा राहिलो. चांगले बोललो. बोलता बोलता म्हणालो, “माझ्या एका गरीब ग्राहकाला या कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलं. त्याचं शिवणयंत्र विकलं गेलं, मित्रहो!” टाळ्या पडल्या. एकाने येऊन खांद्यावर हात ठेवला. कढी-भाताच्या रांगेत लोक माझ्याकडे वळून बघत होते.

घरी आलो. टीव्हीवर कोणी अर्थतज्ज्ञ सांगत होता की करकपातीमुळे मध्यमवर्गीय घरांना मोठा आधार मिळाला आहे. त्याचे तोंड आमच्या भिंतीवर दीड हात रुंद दिसत होते. तो टीव्ही दसऱ्याला आला होता. बायकोने विचारले, सभा कशी झाली. मी सांगितले. उस्तादांचा उल्लेख केला तेही सांगितले. ती भाजी निवडत होती. न बघता म्हणाली, “तुम्ही त्यांचा हप्ता दरवर्षी भरत होतात ना? मग यंदा का नाही भरला?”

“कर वाचवायला.”

“त्यांच्या जिवापेक्षा चार हजार जास्त?” मग तिने मान वर केली, टीव्हीकडे बघितले, माझ्याकडे बघितले. तिने हिशेब केला होता, शाम्पूचा करते तसाच.

दोन-तीन आठवडे मी टाळले. शेवटी एका दुपारी त्यांच्या खोलीवर गेलो. उस्ताद नव्हते. भाभींनी दार उघडले, बसा म्हणाल्या नाहीत.

“ते कामावर गेलेत. त्याच दुकानात, सडकेवरच्या. पीसवर शिवतात.”

“भाभी, मला एक सांगायचं होतं.”

“मालूम है,” त्या म्हणाल्या. “खिडकीतल्या पोरीनं सांगितलं तेव्हाच कळलं. मी तुम्हाला विचारलं होतं भाईसाब, मधल्या दिवसांचं काय म्हणून. आठवतंय?”

“आठवतं.”

“तुम्ही कंपनीला गाली देत बसायचे आणि मी चहा करून द्यायचे.”

“उस्तादांना का नाही सांगितलं?”

“डॉक्टर बोलले, दिलको धक्का नको. त्यांना तुमच्यावर लई भरोसा. म्हणून गप बसले.” त्यांनी दाराची कडी हातात धरली. “आता तब्येत ठीक हाय. आता ऐकू शकतात. जा, सांगा. तुमचं काम मी का करू?”

मी दुकानावर गेलो. मालक जेवायला गेला होता. उस्ताद कोपऱ्यात त्यांच्याच दोन सुयांच्या मशीनवर बसले होते, आता ते दुसऱ्याचे. बारीक झाले होते. मला बघून उठायला लागले, मी बसवले. स्टूल नव्हते. मी उभा राहिलो.

“साहेब, तुमची सीट तर पार फाटली,” ते बाहेर बघत म्हणाले. “स्पंज बाहेर आलाय. आणा इकडं, बघतो.” आणि मी काही म्हणायच्या आत बाहेर जाऊन सीट काढून घेऊन आले.

ते जुने कव्हर उसवत होते तेव्हा मी सांगितले. कंपनी लबाड नव्हती. नियम मला ठाऊक होता. अर्ज खोटे होते. भाभींनी विचारले तेव्हा मी अर्धेच उत्तर दिले. फोनवर मी तुम्हाला खाजगीत पाठवले आणि आठवल्यावरही घाटीकडे वळवले नाही. एवढे बोलायला मला चार-पाच मिनिटे लागली असतील. उस्तादांनी हातातले काम थांबवले नाही. जुने कव्हर निघाले, स्पंज मोकळा झाला, ते तो हाताने चाचपत राहिले.

“चार हजार वाचवायला,” ते म्हणाले.

“हो.”

“पण साहेब, ते तर माझे वाचणार होते. तुमचं काय जात होतं? तुमी दरसाल तारखेच्या आधीच भरायचे. कर लागला असता तर मी दिला असता की. मी कधी कमी दिले का?”

“नाही.”

“मग? यंदा का नाय भरले?”

ते माझ्याकडे बघत होते. हा प्रश्न ते विचारणार नाहीत अशी माझी आशा होती. मी बायकोलाही याचे खरे उत्तर दिले नव्हते.

“कार्डावर टीव्ही घ्यायचा होता,” मी म्हणालो. “कार्डाची मर्यादा तेवढीच आहे. तुमचा हप्ता भरला असता तर टीव्ही बसला नसता.”

त्यांनी रेक्झीनचा एक तुकडा ओढला, मापाला लावला, कापला. मशीन सुरू केले. त्या मशीनचा आवाज मला ओळखीचा होता. मी उभाच होतो. बाहेर एक जण गाडी लावून आला आणि विचारू लागला, “चाचा, लाल पट्टीचं आहे का?” उस्ताद म्हणाले, “दहा मिनट बैठ. पहले इनका करके देता.”

त्यांनी घाई केली नाही. कडेची शिवण दुहेरी मारली, कोपरे हाताने ओढून बसवले, खालून पिना ठोकल्या, मग सीट उचलून उजेडात धरली आणि एका ठिकाणी सुरकुती दिसली म्हणून दोन पिना काढून पुन्हा ठोकल्या. माझ्या स्कूटरवर नेऊन बसवली. वरून एक थाप मारली.

मी नेहमीसारखा निघणार होतो. खिशात हात घालायचेही मला सुचले नव्हते.

“दोनशे ऐंशी,” उस्ताद म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

“दोनशे ऐंशी रुपये, साहेब.” त्यांनी हात पुसून पुढे केला. “टॅक्स नाय लावला.”

लाल पट्टीवाला हसला. त्याला तो विनोद वाटला असावा. मी शंभराच्या तीन नोटा दिल्या. उस्तादांनी आत जाऊन मालकाचा गल्ला उघडला, वीस रुपये आणून माझ्या हातात ठेवले आणि लाल पट्टीवाल्याकडे वळले.